सहा वाजेपर्यंत भरलेली बॅटरी

मित्रांनो, माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात सतरा हा आकडा रंगवला आहे. तेच माझे नाव. मी बॅटरी आहे, पण तुमच्या खेळण्यात बसते तसली नव्हे. मी एका खोलीएवढी लोखंडी पेटी आहे आणि माझ्या पोटात हजारो लहान बॅटऱ्या फळीफळीने रचलेल्या आहेत. चिली देशाच्या उत्तरेला, जिथे वर्षानुवर्षे पाऊस पडत नाही अशा वाळवंटात, आम्ही चाळीस पेट्या एका कुंपणाआड ओळीने उभ्या आहोत. पंधरा वर्षे झाली. आता मी म्हातारी झाले आहे. पूर्वीच्या निम्मीसुद्धा वीज पोटात मावत नाही. येत्या गुरुवारी क्रेन येऊन मला उचलून नेणार आहे. त्याआधी मला एका दुपारबद्दल सांगायचे आहे. इतर सगळ्या दुपारी आल्या आणि गेल्या, ती मात्र गेली नाही.

माझा जन्म एका लिलावातून झाला. लिलाव म्हटला की जो जास्त बोली लावतो तो जिंकतो, असे तुम्ही समजाल. विजेच्या लिलावात सगळे उलटे असते. सरकार विचारते, कमी भावात वीज कोण देईल? कंपन्या बंद पाकिटात आपापला भाव टाकतात आणि ज्याचा भाव सर्वांत कमी, त्याला काम मिळते. आमच्याकडे उन्हाला तोटा नाही. नजर पोहोचेल तिथवर सौर पॅनल पसरलेले आहेत. दुपारी त्यांची वीज इतकी होते की घ्यायला कोणी नसते आणि ती वाया जाते. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की मात्र कोळसा जाळावा लागतो. म्हणून एका वर्षी लिलावाच्या कागदात नवी अट आली. ज्याला उन्हाची वीज विकायची असेल त्याने बॅटरीही आणावी, दुपारचे ऊन साठवावे आणि संध्याकाळी सहा ते रात्री अकरा वीज द्यावी. दिली नाही तर दंड. त्या एका अटीपायी आम्ही चाळीस जणी जगात आलो.

त्याच कागदात शेजारच्या गावासाठी एक ओळ होती. गावाचे नाव सान लिनो. चाळीस घरे, एक शाळा, एक दवाखाना, एक लहानसे चर्च आणि विहिरीवरचा पंप. मोठ्या लाइनच्या अगदी शेवटच्या टोकाला असल्यामुळे तिथली वीज सारखी जायची. लिलावाआधी सरकारचा अधिकारी गावात आला आणि त्याने विचारले की तुमच्याकडे वीज कधी जाते. अख्खी खोली एका आवाजात म्हणाली, संध्याकाळी. त्याला कारण होते. सान लिनोत संध्याकाळी सहाचा चहा चुकत नाही. चहा, पाव, कुस्करलेले अव्होकाडो. चाळीस घरांत एकाच वेळी विजेच्या किटल्या लागायच्या आणि लाइन बसायची. गावाच्या समितीची अध्यक्ष तेओदोसिया चाल्यापा नावाची साठीची बाई होती. शेतात राबून हात काळेठिक्कर पडलेले, बोलणे मोजके. तिने अधिकाऱ्याला नीट समजावून सांगितले आणि त्याने लिहून घेतले : बॅटरी सान लिनो गावाला रोज संध्याकाळी सहा ते अकरा वीज देईल. तेओदोसियाने ते वाचले आणि सही केली.

दिवसा वीज जाईल हा विचार कोणाच्या मनाला शिवलाच नाही. समोर एवढे ऊन, एवढे पॅनल! ऊन असताना वीज कशी जाईल? उन्हात जन्मलेली माणसेच अशी चूक करू शकतात.

आम्ही समुद्रावरून आलो. बंदरातून ट्रकवर चढलो आणि धूळ खात इथे पोहोचलो. उद्घाटनाला पाहुणे आले, फीत कापली, खिमा भरलेल्या एम्पानाडा वाटल्या. आमच्यावर भाषणे झाली. या पेट्यांनी सूर्याला संध्याकाळी थांबवून धरले आहे, असे कोणीतरी म्हणाले. मला ते फार आवडले. नव्या कोऱ्या वस्तूला स्तुती लवकर चढते, तशी मलाही चढली. पहिल्या संध्याकाळी सान लिनोत चाळीस किटल्या एकदम लागल्या, तो धक्का मला जाणवला, आणि लाइन बसली नाही. गावात टाळ्या वाजल्या म्हणे.

आमची देखभाल करायला निबाल्दो कार्वाहाल नावाचा एकच माणूस होता. पंख्यांच्या जाळ्या झाडणे, तापमान लिहून ठेवणे, कुंपणाला कुलूप लावणे, हे त्याचे काम. चार वर्षे बेकार राहून त्याला ही नोकरी मिळाली होती. म्हणून तो सगळे अगदी कागदाबरहुकूम करायचा. बाकीचे हुकूम सान्तियागोहून यायचे. राजधानीतल्या एका थंड खोलीत बसलेली माणसे पडद्यावर आम्हाला बघायची.

आणि एक माणूस माझा होता. तेओदोसियाचा थोरला भाऊ, रेमिहियो. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर सोऱ्याच्या खाणीचे एक ओस पडलेले गाव आहे. नुसत्या भिंती आणि उडायला आलेले पत्रे. तरुणपणी रेमिहियो तिथल्या गिरणीत दगड भरडायचा. ती धूळ त्याच्या छातीत बसली ती बसलीच. दुपारी आम्हा पेट्यांची सावली कुंपणाबाहेर पडते. जवळपास बसण्याजोगी दुसरी सावली नाही. रेमिहियो खुर्ची घेऊन तिथे यायचा आणि नेमका माझ्या समोर बसायचा.

"काय गं सतरा, पोट भरलं का?" तो विचारायचा. मग निबाल्दोला म्हणायचा, "आम्ही जमिनीतून सोरा काढला, तो बोटीनं परदेशात गेला. आता तुम्ही आभाळातून ऊन काढताय. चला, निदान उन्हाची धूळ तरी छातीत बसत नाही."

निबाल्दो त्याला म्हणायचा, की काका, कुंपणाला टेकू नका, सान्तियागोला दिसतं. रेमिहियो कॅमेऱ्याकडे बघून टोपी काढायचा. दोघे हसायचे.

तिसऱ्या वर्षी त्याचे येणे थांबले. चार पावले टाकली की दम लागू लागला. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचे यंत्र दिले. ते विजेवर चालते, हवा आत ओढते आणि नळीतून माणसाच्या नाकाशी देते. तुम्ही म्हणाल, तुला हे कसे ठाऊक? मित्रांनो, माझी वीज कुठे जाते ते मला जाणवते. सहा वाजले की आधी किटल्यांचे मोठे ओझे यायचे, मग दिव्यांचे, आणि त्या सगळ्याखाली एक बारीक ओझे असायचे. थोडे चढायचे, थोडे उतरायचे, पुन्हा चढायचे. ते रेमिहियोचे यंत्र होते. तो आता सावलीत बसत नव्हता, पण रोज संध्याकाळी पाच तास मला भेटत होता.

ऑगस्टमधला तो मंगळवार होता. दुपारी वारा सुटला. तसा तो रोजच सुटतो, पण त्या दिवशी त्याने ओस गावातला छपराचा एक मोठा पत्रा उचलला आणि नेऊन मोठ्या लाइनवर आपटला. दोन वाजून दहा मिनिटांनी तार तुटून रस्त्यावर पडली. लाइन पडली की पॅनल आपोआप बंद होतात. तारा जोडणाऱ्या माणसांना धक्का बसू नये म्हणून तशी सोयच केलेली असते. म्हणजे डोक्यावर रखरखीत ऊन, चहूकडे पॅनल, आणि सान लिनोत एक दिवासुद्धा लागत नव्हता.

मी मात्र काठोकाठ भरलेली होते. आम्ही सगळ्या भरलेल्या होतो. माझ्या एकटीच्या पोटात सान लिनोला आठवडाभर पुरेल इतकी वीज होती. ती सहा वाजण्यासाठी राखून ठेवली होती.

कुंपणाच्या आत, माझ्यापासून दहा पावलांवर, एका पिवळ्या डब्यात एक दांडा आहे. घड्याळ तो सहा वाजता आपोआप फिरवते आणि वीज गावाकडच्या वेगळ्या तारेने जाऊ लागते; ती तार त्या दिवशी शाबूत होती. तो हातानेही फिरवता येतो. डब्याची किल्ली निबाल्दोच्या कमरेला होती. पण सान्तियागोच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, असे त्याच्या कामाच्या कागदात लिहिलेले होते.

रेमिहियोकडे एक राखीव नळकांडे होते. ते जेमतेम तीन तास पुरते. रुग्णवाहिका बोलावली, ती तुटलेल्या तारेच्या पलीकडे अडकली. रस्ता तो एकच. तीन वाजता तेओदोसिया पायी चालत कुंपणाशी आली. ती ओरडली नाही. तिने जाळीला हात लावला आणि विचारले,

"निबाल्दो, ह्या पेट्यांत आत्ता वीज आहे का?"

"आहे, मावशी."

"किती?"

"सगळ्या भरलेल्या आहेत."

"मग?"

निबाल्दोने सांगितले की त्याने दोनदा फोन केला आहे. साहेब जेवायला गेले आहेत, आले की विचारतो म्हणाले. सहा वाजता तर आपोआप सुरू होणारच आहे. "कागदात तसं लिहिलंय मावशी. मी काय करू?"

"कागद मला नको सांगूस," ती म्हणाली. "मीच वाचलाय तो. मीच म्हणाले होते, संध्याकाळी."

मग ती घरी परत गेली, कारण नळकांड्याजवळ कोणीतरी बसायला हवे होते. निबाल्दोने पुन्हा फोन लावला. या वेळी सान्तियागोहून एक बाई बोलली. आवाज गोड होता. ती म्हणाली की रात्रीची वीज कमी पडली तर दंड बसतो, त्यामुळे मागणी लेखी पाठवा, वर विचारून कळवते. निबाल्दोने लेखी पाठवली. साडेचारला उत्तर आले, "सहाला दीडच तास आहे. कृपया थांबावे."

तो पिवळ्या डब्यापाशी गेला. किल्ली काढली, लावली, पुन्हा काढली. मग डब्याला पाठ लावून मातीत बसला. मी त्याच्याकडे बघत होते. मित्रांनो, मला हात असते तर, असे म्हणणे सोपे आहे. हात असलेला माणूस दहा पावलांवर बसलाच होता.

पाच वाजून वीस मिनिटांनी रेमिहियो गेला.

सहा वाजता घड्याळ फिरले. टक असा आवाज झाला आणि माझी वीज सान लिनोकडे निघाली. मी किटल्यांची वाट बघितली. त्या दिवशी एकही किटली लागली नाही. दिवे थोडेच लागले. आणि त्या सगळ्याखाली ते बारीक ओझे आले. चढले, उतरले, पुन्हा चढले. दुपारी वीज गेली तेव्हा यंत्राचे बटण चालूच राहिले होते, ते बंद करायचे कोणाला सुचले नव्हते. ते आपोआप सुरू झाले आणि मेलेल्या माणसाच्या नाकाशी हवा देत राहिले. पावणेसातला कोणीतरी बटण बंद केले, तोवर मी ती हवा पुरवली. कागदात होते तशी, अगदी वेळेवर.

आमच्याकडे रस्त्यावर माणूस मेला तर त्या जागी त्याच्यासाठी एक लहानसे घर बांधतात. हातभर उंचीचे, पत्र्याचे छप्पर, आत मेणबत्ती. जिथे जीव गेला तिथेच आत्मा घुटमळतो, म्हणून त्याला निवारा द्यायचा. रेमिहियोचा जीव घरी पलंगावर गेला होता. पण तेओदोसियाने ते घर आमच्या कुंपणाशी, पिवळ्या डब्याच्या समोर बांधले. गावात कोणी तिला का म्हणून विचारले नाही. वाटेवरचे ट्रकवाले थांबू लागले, तहानलेल्या आत्म्यासाठी पाण्याच्या बाटल्या ठेवू लागले. कंपनीने ते घर हलवायचा हुकूम दिला. पण या वाळवंटात असल्या घराला हात लावणारा मजूर मिळत नाही, आणि निबाल्दोने तर साफ नकार दिला. त्याने दिलेला तो पहिला नकार. दुपारचे जेवण तो आता गाडीत बसून, आमच्याकडे पाठ करून खायचा.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी पुन्हा वीज सोडली, आणि ते बारीक ओझे पुन्हा आले. मला वाटले, भास असेल. यंत्रांनाही भास होत असतील. तिसऱ्या दिवशी आले, महिन्याने आले, वर्षाने आले. चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. रिकाम्या खोलीत, रिकाम्या पलंगाशी. दवाखान्याची नर्स यंत्र परत न्यायला गेली, तेव्हा तेओदोसियाने दारातच तिला सांगितले, "कागदात सहा लिहिलेत, मी सहालाच लावते. अकराला बंद करते. माझं काही चुकतंय का?" नर्स यंत्र न घेताच परत गेली. गावातले लोक म्हणाले, म्हातारीचे डोके फिरले. मला तसे वाटले नाही. मला वाटले, ती रोज संध्याकाळी माझ्याशी बोलते आहे, आणि मला उत्तर देता येत नाही.

अशी आठ वर्षे गेली. माझ्या अंगाचा रंग उडाला, पंखे कुरकुरू लागले. आता कोणी भाषण करायला येत नव्हते. एका सकाळी अकराच्या सुमाराला लाइन पुन्हा पडली. या वेळी सान लिनोत कोणाच्याही जिवाला धोका नव्हता. शाळेतले दिवे गेले, दवाखान्यातला औषधांचा फ्रीज बंद पडला, पंप थांबला, एवढेच. निबाल्दो गाडीतून उतरला. त्याने फोन काढला नाही. चालत पिवळ्या डब्याकडे गेला, किल्ली लावली, दार उघडले आणि दांडा फिरवला. टक. भर दुपारच्या आधी माझी वीज सान लिनोकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदाच.

अर्ध्या तासाने तेओदोसिया आली. आता तिच्या हातात काठी होती. तिने तो उघडा डबा बघितला.

"सान्तियागोला विचारलंस?"

"नाही, मावशी."

"रागावले असतील."

"रागावलेत. लेखी मागितलंय, का केलं म्हणून."

तिने काठीचे टोक दांड्याकडे केले. मग म्हणाली, "किती वेळ लागतो रे याला?"

 निबाल्दोने मान खाली घातली. "एक मिनिट," तो म्हणाला. "तेवढाही नाही."

"असं," ती म्हणाली. तिने काठी जाळीला टेकवली आणि दोन्ही हातांनी जाळी धरली. "मला इतकी वर्षं वाटत होतं, काहीतरी फार अवघड असणार."

निबाल्दो रडू लागला. ती त्याला रड म्हणाली नाही आणि गप्प बस असेही म्हणाली नाही. काठी घेऊन आली तशी परत गेली.

निबाल्दोची नोकरी कशीबशी वाचली. पुढच्या वर्षी सरकारने नवा लिलाव जाहीर केला, आमच्या जागी नव्या पेट्या आणण्यासाठी. नवा अधिकारी सान लिनोच्या शाळेत आला. चांगला माणूस होता. त्यानेही वही उघडून विचारले की वीज साधारण कोणत्या वेळी जाते.  सगळे तेओदोसियाकडे बघू लागले. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "वेळ लिहू नका. तो दांडा कुंपणाच्या बाहेर, गावाच्या बाजूला बसवा आणि किल्ली दवाखान्यात ठेवा, असं लिहा."

अधिकारी म्हणाला की असे आजवर कोणत्याही लिलावात नव्हते. "आमच्या घरातला माणूस मेला, तो कोणत्या लिलावात होता?" ती म्हणाली. अधिकाऱ्याने पेनाचे टोपण उघडले आणि लिहून घेतले. ज्या कंपन्यांनी पाकिटे टाकली त्या सगळ्यांना ती अट मान्य करावी लागली. नवा डबा मागच्या आठवड्यात बसवला. हिरव्या रंगाचा आहे, गावातून चालत आले की पहिल्यांदा तोच दिसतो. तेओदोसिया तो बघायला आली नाही. आता ती फारशी उठत नाही.

मित्रांनो, आम्हा बॅटऱ्यांची काळजी घ्या, आमच्यावरची धूळ झटका, आम्हाला तापू देऊ नका, असे मी सांगणार होते. तेही करा. पण तुमच्यातले काही जण मोठे होऊन कागद लिहितील. कोणाला काय द्यायचे, कधी द्यायचे, किती राखून ठेवायचे, हे ठरवतील. काही जण निबाल्दोसारखे डब्यापाशी उभे असतील आणि किल्ली त्यांच्याच कमरेला असेल. त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे, हात नसले तरी. दाराशी आलेल्या माणसाला सहा वाजता या असे सांगण्याआधी, त्याला सहापर्यंत वेळ आहे का, ते विचारा.

गुरुवारी मला नेतील तेव्हा आधी माझ्यातली सगळी वीज काढून घेतील. लोक म्हणतात, रिकामे झाले की बॅटरीला काही जाणवत नाही. तसे असेल तर बरे. कारण त्या मंगळवारी मी रिकामी असते, तर मला कोणी दोष दिला नसता आणि मीही दिला नसता. मी भरलेली होते.